प्रत शिळी केव्हा होते?

विरारला आमच्याच इमारतीत राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका काही महिन्यांपूर्वी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयात दाखल झाल्या. सगळी इमारत त्यांना बाई म्हणते. आम्हीही येथे बाईच म्हणू. त्यांच्या खाटेशेजारी हलत्या दांड्यावर बसविलेला एक लहानसा पडदा होता. त्यावर दूरचित्रवाणी दिसे, अभंग ऐकता येत, आणि 'माझी माहिती' या शब्दांवर बोट टेकले की डॉक्टरांचे नाव, शस्त्रक्रियेची वेळ आणि जेवणाखाण्याचा तपशीलही दिसे. बाईंना ही सोय फार आवडली. एरवी या गोष्टी दहादा विचाराव्या लागतात, आणि दहाव्या वेळी उत्तर देणारी परिचारिका पहिल्या वेळेइतकी हसतमुख नसते.

संध्याकाळी पडद्यावर होते : शस्त्रक्रिया दुपारी ३ वाजता, सकाळी ६.३० वाजता चहा व उपमा. रात्री नऊच्या सुमारास भूलतज्ज्ञ येऊन गेले. दुसऱ्या एका रुग्णाची शस्त्रक्रिया पुढे गेल्याने बाईंची सकाळी आठला घ्यायचे ठरले होते. मध्यरात्रीनंतर काहीही खायचे नाही, असे त्यांनी बाईंना सांगितले आणि परिचारिकेच्या संगणकावर तशी नोंदही केली. पण बाईंनी तोवर झोपेची गोळी घेतली होती. सकाळी सहाला जाग आल्यावर त्यांनी पडदा पाहिला. त्यावर चहा-उपमा तसाच होता. साडेसहा वाजून गेले तरी स्वयंपाकघरातून काही येईना, तेव्हा 'विसरलेले दिसतात' असे म्हणून त्यांनी मुलीला उपाहारगृहात पिटाळले. गुंगीत ऐकलेले खरे की पडद्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले खरे, असा प्रश्न पडला तर छत्तीस वर्षे फळ्यावर लिहिलेली व्यक्ती कोणावर विश्वास ठेवील, हे शिक्षकांना सांगायला नको.

पोटात अन्न असताना भूल दिली तर ते उलटून श्वासनलिकेत आणि फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. म्हणून हलक्या खाण्यानंतरही निदान सहा तास जाऊ देतात, आणि दुधाचा चहा हा पाण्यात नव्हे तर खाण्यात जमा धरतात. परिचारिकेने आयत्या वेळी विचारले म्हणून उपमा कळला. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी झाली व सुखरूप पार पडली. विचारायचे राहिले असते तर काय झाले असते, याचा विचार बाईंच्या मुलीने अनेकदा केला आहे.

"पडदा बिघडला होता" असे त्या दिवशी सगळे म्हणत होते. आम्ही तेथील संगणक विभागात जाऊन चौकशी केली तेव्हा कळले, की पडदा मुळीच बिघडलेला नव्हता. त्याला जे सांगून ठेवले होते तेच तो इमानाने करीत होता. रात्री आठ वाजता त्याने मुख्य संगणकाकडून ते पान मागवून स्वतःजवळ ठेवले होते आणि बारा तास तेच दाखवायचे, असा त्याला आदेश होता. स्वयंपाकघराचा संगणक मात्र मूळ नोंदच वाचत होता, म्हणून तेथून उपमा आला नाही. एकाच रुग्णालयात एकाच गोष्टीच्या दोन प्रती होत्या. एक ताजी, एक शिळी. आणि शिळ्या प्रतीवर ती शिळी आहे असे कोठेही लिहिलेले नव्हते.

पडद्याने मुळात प्रत ठेवावीच कशाला? याचे उत्तर विरारकरांना स्टेशनावर रोज मिळते. मुंबईची पहिली उपनगरी गाडी विरारहून १२ एप्रिल १८६७ रोजी सुटली. तेव्हा दिवसाला एक गाडी जाई आणि एक येई. तिची वेळ एकदा पाठ केली की पुरे. स्टेशन मास्तरांना रोज विचारण्याचे कारण नव्हते. डोक्यातली ती वेळ म्हणजे मूळ वेळापत्रकाची प्रतच. मूळ फारसे बदलत नव्हते, म्हणून ती बराच काळ टिकायची. पुढे गाड्या वाढल्या, खिशात छापील वेळापत्रक आले, फलाटावर दर्शक आले. आज आपण खिशातल्या वेळेवर घरून निघतो, फलाटावर आल्यावर दर्शकाकडे पाहतो, आणि तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून फलाट बदलल्याचे कानी आले की दर्शकाकडे न पाहता जिन्याकडे पळतो. कोणती प्रत किती जुनी असू शकते आणि कोणावर किती विसंबायचे, याचा हिशेब विरारचा प्रवासी मनातल्या मनात करीत असतो. संगणकाला तो शिकवावा लागला, आणि त्याला बराच काळ लागला.

आपल्याकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा संगणक कार्यान्वित झाला. त्याच्या स्मृतीत २,०४८ शब्द मावत, आणि हे शब्द चुंबकीय कड्यांच्या एकाच संचात ठेवलेले असत. आकडा हवा की तेथे जायचे. प्रतच नव्हती, तेव्हा ती शिळी होण्याचाही प्रश्न नव्हता. पण जसजशी गणित करणारी मंडले वेगवान होत गेली, तसतशी स्मृती मागे पडू लागली. हिशेबनीस चपळ आणि वही आणून देणारा शिपाई मंद, अशी स्थिती झाली. मोठी स्मृती वेगवान करणे परवडत नव्हते. वेगवान स्मृती मोठी करणेही परवडत नव्हते.

केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली यावर दोन पानांचा एक टिपणवजा लेख लिहिला. मोठ्या, मंद स्मृतीच्या पुढ्यात एक लहान, वेगवान स्मृती ठेवावी. मोठीतून जो शब्द आणला जाईल त्याची प्रत आपोआप लहानीत राहावी. पुन्हा तोच शब्द लागला तर मोठीपर्यंत जाऊच नये. तिला त्यांनी 'गुलाम स्मृती' म्हटले. कल्पना मूळ गॉर्डन स्कॅरट यांची, हेही त्यांनी प्रांजळपणे नोंदविले. आपल्या घरात कोठीच्या खोलीत पोते आणि ओट्याशेजारी डबा असतो, तसेच हे. आयबीएम कंपनीने १९६८ साली जाहीर केलेल्या ३६०/८५ या संगणकात हा डबा प्रथमच बाजारात आला. मुख्य स्मृतीला सुमारे एक मायक्रोसेकंद, म्हणजे एक हजार नॅनोसेकंद लागत, तर डब्याचे काम ८० नॅनोसेकंदांत होई. आणि शंभरातील नव्वदहून अधिक वेळा हवी ती गोष्ट डब्यातच सापडे. कंपनीच्या नियतकालिकात त्यावर लेख यायचा होता. 'अतिवेगवान मध्यस्थ साठा' हे लांबलचक नाव संपादक लाइल जॉन्सन यांना रुचेना, म्हणून त्यांनी 'कॅश' हा शब्द सुचविला. फ्रेंचमध्ये त्याच्या मुळाशी 'लपविणे' हा अर्थ आहे. मराठीत तो ऐकला की रोकड आठवते, आणि गंमत म्हणजे तोही अर्थ चालून जातो : बँकेत ठेव, गल्ल्यात रोकड.

पण तांदळाची उपमा एका ठिकाणी तुटते. पोत्यात नवा तांदूळ भरला म्हणून डब्यातला खोटा होत नाही. माहितीचे तसे नाही. मूळ बदलले की त्या क्षणी सगळ्या प्रती खोट्या होतात, आणि प्रतींना त्याचा पत्ताही नसतो. सगळी गोम येथे आहे. जोपर्यंत एकच गणक लिहितो आहे तोपर्यंत उपाय सोपा : लिहिताना दोन्हीकडे लिहावे. ३६०/८५ मध्ये असेच होते. लिहिलेले मुख्य स्मृतीत जाईच. अडचण होते ती लिहिणारे दोन झाल्यावर. एकाच स्मृतीला दोन गणक जोडले आणि प्रत्येकाला स्वतंत्र डबा दिला, तर पहिल्याने बदललेला आकडा दुसऱ्याच्या डब्यात जुनाच राहतो. १९८३ साली जेम्स गुडमन यांनी यावर एक मार्ग मांडला : सगळ्यांची ये-जा ज्या सामाईक वाटेने होते तिच्यावर प्रत्येक डब्याने कान ठेवून असावे, आणि आपल्याजवळच्या आकड्यावर दुसरा कोणी लिहितो आहे असे कळताच आपली प्रत रद्द करावी. पुढच्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठातील मार्क पापामार्कोस आणि जनक पटेल यांनी तो मार्ग आणखी नेटका केला. आज आपल्या खिशातल्या फोनमध्येही एकाहून अधिक गणक असतात, आणि त्यांच्या डब्यांचा मेळही याच धर्तीच्या नियमांनी राखला जातो.

कान ठेवून राहणे एका पेटीच्या आत जमते. हजारो मैलांवरच्या प्रतीने कान कोठे ठेवायचा? हा प्रश्न जाळ्यांमुळे आला. अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्यावरील सर्व संगणकांची नावे व पत्ते स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एका यादीत ठेवलेले असत, आणि प्रत्येक ठिकाणची मंडळी ती यादी अधूनमधून उतरवून घेत. कोणी आठवड्याने, कोणी महिन्याने, कोणी विसरून जाई. संगणक वाढले तशी ही पद्धत मोडकळीस आली. १९८३ च्या नोव्हेंबरात पॉल मॉकापेट्रिस यांनी नवी व्यवस्था मांडली. यादी एकाच ठिकाणी नको. ज्याची माहिती त्याने सांभाळावी. आणि विचारणाऱ्याला उत्तर देताना त्यासोबत एक आकडाही द्यावा : हे उत्तर इतके सेकंद जवळ ठेवलेस तरी चालेल, मग पुन्हा विचार. औषधाच्या वेष्टनावर वापराची मुदत असते तसे. इंटरनेटची नावे आजही याच पद्धतीने शोधली जातात.

आमच्या मते या व्यवस्थेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट मुदत ही नव्हेच. मुदत कोणी ठरवायची, याचे उत्तर त्यांनी मूळ माहितीचा मालक असे दिले, ही आहे. औषध किती दिवस टिकेल हे कारखानदार सांगतो. दुकानदार आपल्या सोयीने सांगत नाही. बाईंच्या खाटेशेजारी नेमके याच्या उलट घडले होते. ते बारा तास आहारतज्ज्ञाने किंवा भूलतज्ज्ञाने ठरविलेले नव्हते. पडदे बसविणाऱ्याने दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांच्या यादीसाठी ते ठरविले होते, आणि आहाराचे पान नंतर जोडले गेले तेव्हा तीच मुदत त्यालाही लागू झाली. कोणी चूक केली असे बोट दाखवून सांगता येऊ नये, अशा जागी चूक बसली होती.

अशा पडद्यांची वंशावळ पाहिली की हे कसे घडते ते कळते. रुग्णांच्या करमणुकीची साधने रुग्णाच्या माहितीपेक्षा कितीतरी आधी खाटेपाशी आली. इंग्लंडमध्ये यॉर्कच्या रुग्णालयात १९२५ साली खाटांपाशी कानाला लावायचे श्रवणक बसविले गेले होते. बीबीसीने २३ सप्टेंबर १९७४ रोजी सीफॅक्स ही सेवा सुरू केली. तीत दूरचित्रवाणीच्या लहरींतून बातम्या, हवामान यांची लिखित पाने घरोघरी पाठविली जात. ती पाने एकामागून एक, रहाटगाडग्यासारखी फिरत राहत. संचाने एक पान पकडले तरी पुढच्या फेरीत तेच पान पुन्हा येई, आणि मध्यंतरी त्यात दुरुस्ती झाली असेल तर दुरुस्त होऊन येई. न मागता ताजेपणा मिळे. किंमत एवढीच, की हवे ते पान येईपर्यंत थांबावे लागे. पुढे ब्रिटनच्या आरोग्य सेवेने २००० सालच्या आपल्या योजनेत मोठ्या रुग्णालयांत खाटेशेजारी दूरचित्रवाणी व दूरध्वनी देण्याचे ठरविले. त्याच पडद्यावर मग जेवणाची निवड आली, तपासण्यांची माहिती आली. करमणुकीच्या घरात उपचार भाडेकरू म्हणून राहायला आले, आणि घराचे नियम मात्र जुनेच राहिले.

उपचारांच्या बाजूने दुसरी परंपरा होती, आणि ती अधिक सावध होती. रुग्णालयातील निरनिराळ्या संगणकांनी एकमेकांशी कसे बोलावे याचे नियम ठरविण्यासाठी १९८७ साली अमेरिकेत एचएल-सेव्हन ही संस्था स्थापन झाली. तिच्या नियमांत कोणी विचारण्याची वाट पाहायची नसते. रुग्ण दाखल झाला की ए०१ हा संदेश सुटतो, खाट बदलली की ए०२, घरी गेला की ए०३, माहितीत दुरुस्ती झाली की ए०८. आणि ऐकणाऱ्याने पोच द्यायची असते. मूळच प्रतींना हाक मारते. बाईंच्या पडद्याला यांतले दाखल होण्याचे व घरी जाण्याचे संदेश मिळत होते. म्हणून आधीच्या रुग्णाचे नाव त्यावर राहिले नव्हते. आहाराच्या बदलासाठी मात्र अशी हाक जोडलेली नव्हती. तेथे पडद्याने स्वतःहून विचारायचे होते, आणि तो बारा तासांनी विचारणार होता.

मग दर मिनिटाला विचारावे, असे कोणीही म्हणेल. हिशेब करून पाहू. तीनशे खाटा आहेत. बारा तासांनी एकदा विचारले तर दिवसाला ६०० विचारणा होतात. दर मिनिटाला विचारले तर ४,३२,०००, म्हणजे सेकंदाला पाच. आजच्या यंत्रांना हे जड नाही. पण प्रत्येक वेळी चित्रांसह सगळे पान पाठवायचे म्हटले तर जाळे तुंबते. शिवाय वीज जाऊन आली की तीनशे पडदे एकाच क्षणी ओरडतात, हे वेगळेच. वेब या माध्यमाने यावर काढलेली युक्ती शाळेतल्या मुलांनाही पटण्यासारखी आहे. १९९६ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झालेल्या त्याच्या नियमांत प्रतीला असे विचारता येते : 'माझ्याजवळ आठ वाजताचे पान आहे, त्यानंतर काही बदलले का?' नसेल बदलले तर उत्तर केवळ ३०४ या आकड्याचे येते. पान पुन्हा पाठवावे लागत नाही. १९९७ च्या जानेवारीत आलेल्या सुधारित नियमांत मुदतीची सविस्तर तजवीज झाली, आणि तीत आणखी एक ओळ आली, तिचे नाव 'एज', म्हणजे वय. मध्यस्थाने आपल्या साठ्यातून पान दिले तर त्या पानाचे वय किती सेकंद आहे ते त्याने सांगावे, अशी अपेक्षा आहे. पण ही ओळ संगणक एकमेकांना सांगतात. पडद्यापुढे बसलेल्या माणसापर्यंत ती क्वचितच पोचते.

याच नियमांना २०१० साली एक जोड मिळाली : मूळ संगणक उत्तर देत नसेल तर ठराविक काळापर्यंत शिळी प्रत दाखविण्याची मुभा. क्रिकेटच्या धावफलकासाठी ही मुभा योग्यच आहे. काहीच न दिसण्यापेक्षा दहा मिनिटांपूर्वीच्या धावा बऱ्या. उपाशी ठेवण्याच्या सूचनेबाबत मात्र रिकामा पडदा बरा, कारण रिकामा पडदा पाहून माणूस कोणाला तरी विचारतो.

वयाविना दाखविलेल्या आकड्याने काय होते, हे महाराष्ट्राने २०२१ च्या उन्हाळ्यात फार मोठ्या प्रमाणावर पाहिले. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ठिकठिकाणी रिकाम्या खाटांचे फलक संगणकावर मांडलेले होते. त्या एप्रिलमध्ये आम्ही विरारहून एका परिचितासाठी रात्रभर फोन करीत होतो. फलकावर दोन खाटा दिसत आणि फोनवर एकही नसे. कोणी खोटे बोलत होते असे नव्हे. खाट मिनिटांत भरत होती, आणि आकडा थकलेल्या माणसांच्या हातांनी सवड मिळेल तेव्हा भरला जात होता. मे महिन्यात हाच प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठापुढे आला. पुण्यात कृत्रिम श्वसनयंत्राच्या खाटा उपलब्ध आहेत असे महापालिकेतर्फे सांगण्यात आले, तेव्हा सुनावणी चालू असतानाच मदत क्रमांकावर फोन लावण्यात आला. खाट नाही, असे उत्तर आले. प्रतीची मुळाशी पडताळणी भर न्यायालयात झाल्याचे दुसरे उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

वर्गात हा विषय संगणकाविना शिकविता येतो. एका मुलाकडे मूळ वही द्यावी. त्याने दर मिनिटाला फासा टाकून तिच्यातला आकडा बदलावा. पाच मुलांनी आपापल्या पाटीवर तो उतरवून घ्यावा : एकाने दर मिनिटाला, एकाने पाच मिनिटांनी, एकाने दहा. चौथ्याला मूळ वहीवाल्याने स्वतः हाक मारून बदल सांगावा, आणि एक-दोनदा ती हाक गोंगाटात मुद्दाम बुडवावी. पाचव्याने आकड्यासोबत उतरविल्याची वेळही लिहावी. मग बाकीच्या वर्गाने मधूनच कोणाचीही पाटी पाहून मूळ आकडा ओळखावा. चौथ्याची पाटी बहुतेक वेळा अचूक असते, आणि चुकते तेव्हा कोणाला संशयही येत नाही, हे मुले स्वतः शोधून काढतात. हाकेच्या जोडीला अधूनमधून विचारणाही का हवी, ते तेथे वेगळे समजावून द्यावे लागत नाही. पाचव्याचा आकडा चुकीचा असला तरी तो कोणाला फसवीत नाही, याकडे मात्र लक्ष वेधावे लागते.

त्या रुग्णालयाने पुढे बदल केले. कार्यक्रमांची यादी अजून बारा तास ठेवली जाते. आहार व शस्त्रक्रियेची वेळ यांची प्रत आता ठेवली जात नाही. दर वेळी मुळाकडे विचारणा होते, आणि पानाच्या माथ्यावर 'ही माहिती ६.१० ची' असे दिसते. उत्तर आले नाही तर पान कोरे राहते व त्यावर 'परिचारिकांना विचारा' एवढेच येते. बाई तपासणीसाठी पुन्हा तेथे गेल्या तेव्हा त्यांनी ते मुद्दाम पाहून घेतले. पान उघडायला आता तीन-चार सेकंद लागतात, आणि रुग्ण त्याबद्दल तक्रार करतात असे त्यांना तेथील परिचारिकेने सांगितले.